तानुबाईच्या नळाला कीर्तन

मोनाली : अक्का, तक्रार आली म्हणून मला यावं लागलं. नाहीतर मी कशाला भर दुपारी तुमच्या दारात उभी राहिले असते?

तानुबाई : कोनी करी तक्रार? मंदाबाईनी?

मोनाली : नाव महत्त्वाचं नाही.

तानुबाई : मंदाबाईच व्हई. काय म्हने ती?

मोनाली : त्यांचं म्हणणं असं, की टाकीच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद आहे ते सगळ्या वॉर्डाचं सारखं बंद आहे, त्याबद्दल त्यांना काही बोलायचं नाही. पण तुमच्या नळाला कीर्तन येतं आणि त्यांच्या नळाला येत नाही. पालिकेनं हा भेदभाव केला आहे.

तानुबाई : मंग तिले सांगानं ना. मनं घर टाकीना खाले पहिलं शे, तिनं गल्लीना शेवटले शे. पानी बी माले पहिले येस. तव्हय तिनी कव्हय तक्रार करी नही.

मोनाली : तेव्हाही केली होती.

तानुबाई : देख! मी म्हनं ना मंदाबाईच व्हई.

मोनाली : अक्का, नळाला कीर्तन येत नसतं.

तानुबाई : हाऊ पाट ले. बठ. कान लाव.

मोनाली : मी पालिकेची इंजिनिअर आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी मला नळाला कान लावून बसलेलं पाहिलं तर काय म्हणेल?

तानुबाई : डॉक्टर मानूसनी छातीले कान लावस, त्याले कोनी काही म्हनस का? बठ. पाय पोटशी ले, उन्ह लागी.

मोनाली : एकदाच ऐकते. मग तोटी बंद करायची. कबूल?

तानुबाई : आइक ते खरी.

मोनाली : … थांबा. हे तर वनाभाऊ आहेत!

तानुबाई : कोन वनाभाऊ?

मोनाली : आमच्या टाकीच्या कामावरचे. चोपड्याकडचे आहेत. आत्ता टाकीच्या आत आहेत, तळाला लेप देताहेत. ते गाताहेत, ते टाकीत घुमतंय. टाकी रिकामी, खालचा पाइप रिकामा, आणि पाइपावरचं पहिलं घर तुमचं. म्हणून आवाज उतरतो. साधी गोष्ट आहे. यात देवाधर्माचं काही नाही.

तानुबाई : कीर्तन शे, अन् देवाधर्मानं काही नही?

मोनाली : म्हणजे चमत्कार नाही, असं म्हणायचं होतं.

तानुबाई : मी कोठे म्हनं चमत्कार शे? बाकीन्या बाया म्हनतस. सकाळे हळद-कुंकू लाई गयात. मी पुसी टाकं. कुंकू साचीसन तोटी जाम व्हई जास.

मोनाली : हे बरं केलंत.

तानुबाई : माले चमत्कारनं काय करनं शे, बाई? ज्या नळले आठ-आठ दिन पानी येत नही, त्याले ऐन सप्ताहमा कीर्तन उनं. उनं ते आइकी ली. मांडवमा मना पाय जात नहीत आते, गुडघा धरस. अठे पाटवर बठी बठी व्हई जास. गळा त्याना काही फार गोड नही. ताल बी मधी मधी सुटस. पन सांगस चांगलं. घाई करस नही.

मोनाली : ते हौस म्हणून गात नाहीत, अक्का. तो कामाचा भाग आहे.

तानुबाई : कीर्तन?

मोनाली : टाकीत हवा कोंदलेली असते. शिवाय हे नवं रसायन लवकर सुकतं, पण वासही तसाच मारतं. वर झाकणापाशी बन्सीलाल बसलेला असतो, आमचा व्हॉल्व्हमन. आतला माणूस गात असला की वरच्याला कळतं, तो शुद्धीवर आहे. गाणं थांबलं की हाक मारायची. ओ आली नाही की कमरेचा दोर ओढायचा. टाकीवाल्यांची जुनी पद्धत आहे ही.

तानुबाई : अन् गाता येत नही तो मानूस काय करस?

मोनाली : नुसतं बोलत राहायचं. पाढे म्हणायचे. जामनेरच्या टाकीवर एकजण दिवसभर बायकोला शिव्या देत होता म्हणतात.

तानुबाई : त्यानं काम लवकर व्हयनं व्हई.

मोनाली : वनाभाऊंचे वडील कीर्तनकार होते. त्यामुळे हे आख्यानंच सांगतात.

तानुबाई : पन तुमनी ऑफिसमा दुसरं काही साधन नही का? मानूसना जीव अन् नुसता गळावर भरवसा?

मोनाली : आहे ना. ब्लोअर आहे, हवा मारायचं यंत्र. ते बिघडलं म्हणून धुळ्याला दुरुस्तीला दिलंय. उद्या येईल. पण उद्या सप्ताहाचा काला. एवढं गावजेवण, समोर मांडवात आत्तापासून कणकेच्या बट्ट्या थापताहेत, पाणी नको का? साहेब म्हणाले, आज लेप पुरा करा, रात्रभर सुकू द्या, सकाळी टाकी भरा.

तानुबाई : म्हनजे आज काम भजनवर चालू शे.

मोनाली : तसं म्हणू नका.

तानुबाई : मंग कसं म्हनू?

मोनाली : तात्पुरती व्यवस्था.

तानुबाई : बरं. तात्पुरती व्यवस्था आते कोठे उनी, आइक बरं. मनं ध्यान तुनाकडे गयं.

मोनाली : पूर आला, असं काहीतरी म्हणताहेत. तोटी बंद करू का मग?

तानुबाई : हात लाऊ नको! आख्यान पुरं व्हऊ दे. तुले पहिलं ठाऊक नही, म्हनीसन तुले गोडी लागत नही. सांगू? एक म्हातारी शे. देऊळना बाहेरना अंगन झाडस. आत तिले कोनी जाऊ देत नही. पन रोज झाडता झाडता देवसंगे बोलस. आज काय रांधं, सून काय बोलनी, बठ्ठं.

मोनाली : आणि देव?

तानुबाई : देव काय बोली? आइकस. एक दिन नदीले पूर उना. पुजारी देऊळले कुलूप लाई पळी गया. गाव बठ्ठं टेकडीवर. म्हातारी काही हालस नही. पायरी बुडनी, उंबरठा बुडना, ही दार धरी उभी. म्हनस, देवा, तू एकटा शे आत, तुले टाकीसन मी कशी जाऊ?

मोनाली : आत तर मूर्ती आहे ना.

तानुबाई : तुले सांगस कोन, तू आइक ना. ही बाहेरथीन दारले टेकेल, अन् आतथीन देव उठना, अन् तो बी दारले टेकना. मधी फक्त फळी. आते देव बोलनार शे. जलममा पहिली बार. आइक, आते उनं ते.

मोनाली : ऐकते.

तानुबाई : …

मोनाली : …

तानुबाई : आइकू येस का तुले?

मोनाली : नाही. आत्ता होतं. "आणि देव म्हणाला", इथपर्यंत होतं.

तानुबाई : मंग?

मोनाली : श्वास घेत असतील.

तानुबाई : देवनं तोंड उघडं ठेईसन? अठे कोनी श्वास लेस नही, बाई. मी जलमभर सप्ताह आइकात. देव म्हनना, असं म्हनं का एक ते देव बोलस, नही ते टाळ वाजतस, जयजयकार व्हस. अठे चूप कोनी बठस नही.

मोनाली : पाणी पीत असतील.

तानुबाई : देवले बोलू देवानं अन् मंग पेवानं. तू फोन लाव.

मोनाली : कुणाला?

तानुबाई : वर बठेल शे त्याले. लाव माय, उशीर करू नको.

मोनाली : लावते, लावते. … हॅलो, बन्सीलाल? कुठे आहात?

बन्सीलाल : कुठे म्हणजे? टाकीवर. झाकणापाशी. सकाळपासून हललो नाही, मॅडम. चहासुद्धा बादलीतून वर ओढून घेतला.

मोनाली : वनाभाऊ ठीक आहेत?

बन्सीलाल : एकदम. गाताहेत ना.

मोनाली : आत्ता गाताहेत?

बन्सीलाल : आत्ता, या मिनिटाला. आज तर रंगलेत.

मोनाली : अक्का, तो म्हणतो चालू आहे. पाइपात काहीतरी अडकलं असेल, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही.

तानुबाई : त्याले इचार, काय गाई ऱ्हायना.

मोनाली : बन्सीलाल, काय गाताहेत ते?

बन्सीलाल : कीर्तनच हो. दुसरं काय गाणार? आता मृदंग लागलाय. छान लागलाय.

मोनाली : बन्सीलाल, वनाभाऊंनी आत मृदंग नेला होता का?

बन्सीलाल : ब्रश नेला होता, मॅडम. अन् बादली.

तानुबाई : अरे, तो मांडवना भोंगा शे! मांडवना पोऱ्या ललितनी रेकॉर्ड लाई शे, तोंड टाकीकडे करीसन. ए ललित! ललित रे! भोंगा बंद कर! बंद कर म्हनस ना! हा, हा, मीच म्हनस, देवले मी सांगसू, तू बंद कर!

मोनाली : बन्सीलाल, आता भोंगा बंद झाला. आता सांगा.

बन्सीलाल : थांबा. … वनाभाऊ! ओ वनाभाऊ!

मोनाली : काय?

बन्सीलाल : वारा आहे नुसता.

मोनाली : पुन्हा हाक मारा.

बन्सीलाल : वनाभाऊ! … मॅडम, आत काही दिसत नाही. दिवा एका बाजूला पडलाय. मी उतरतो.

मोनाली : उतरायचं नाही!

बन्सीलाल : आमचा माणूस आहे आत.

मोनाली : बन्सीलाल, ऐका. वनाभाऊंना ज्या हवेनं पाडलं तीच हवा तुम्हाला पाडेल. मग आत दोघं आणि वर कुणीच नाही. कमरेचा दोर कुठे आहे?

बन्सीलाल : कप्पीतून घेतलाय. हातात आहे.

मोनाली : ओढा.

बन्सीलाल : ओढतोय. … येत नाही. एकट्यानं नाही व्हायचं, मॅडम. गडी भारी आहे.

मोनाली : दोराचं दुसरं टोक खाली सोडा. रस्त्यावर सोडा. अक्का, माणसं पाहिजेत!

तानुबाई : ए बट्ट्या थापनारा! उठा बठ्ठा! टाकीखाले या! भाऊ रे, बट्ट्या बोंबलू द्या, मानूस टाकीमा पडेल शे! दोर धरा! हाऊ दोर, हाऊ!

बन्सीलाल : मॅडम, दोर खालून निसटतोय. काय करताहेत ते?

मोनाली : त्यांचे हात तेल-पिठाचे आहेत.

बन्सीलाल : पुसा म्हणावं!

तानुबाई : मातीमा चोळा हात! धोतरले पुसा! हा, आते धरा. सोडू नका रे!

मोनाली : बन्सीलाल, तुम्ही झाकणाच्या बाहेर राहूनच सांगा. आत वाकू नका. तोंडाला रुमाल बांधा.

बन्सीलाल : बांधला. हळू… हळू ओढा म्हणावं, शिडीला घासतोय दोर. हं. वजन आलं. उचलला. मॅडम, उचलला गडी!

मोनाली : हळू ओढा! हळू! एका दमानं नका!

तानुबाई : विठ्ठल म्हना रे, तालमा वढा! नुसता वढू नका, ताल धरा! विठ्ठल! … विठ्ठल! … हा असं!

बन्सीलाल : हात दिसला. डोकं दिसलं. थांबा म्हणावं! थांबा! बगलेत हात घालतो. … घेतला. घेतला वर, मॅडम.

मोनाली : श्वास आहे?

बन्सीलाल : थांबा, छातीला कान लावतो.

मोनाली : बन्सीलाल, श्वास आहे का?

बन्सीलाल : आहे. पाणी शिंपडलं तोंडावर. डोळे उघडले.

मोनाली : काही बोलताहेत?

बन्सीलाल : शिव्या देताहेत.

मोनाली : कुणाला?

बन्सीलाल : मला.

मोनाली : देऊ द्या. थांबवू नका. मी अँब्युलन्स बोलावते.

(बऱ्याच वेळानं. तानुबाईच्या ओट्यावर बाज टाकली आहे आणि दोरानं खाली उतरवलेला वना त्या बाजेवर आडवा आहे. अँब्युलन्स अजून आलेली नाही.)

वना : माले काही व्हयेल नही. मी जराखा बठेल व्हतू.

मोनाली : बसला होतात की पडला होतात?

वना : पहिले बठनू. पुढलं माले ठाऊक नही.

तानुबाई : उठू नको. पडी ऱ्हाय. हवा लागू दे.

वना : अक्का, तुम्हन्या बाजना दोर माले टोचस.

तानुबाई : टोचू दे. टोचस म्हनजे तू जित्ता शे.

वना : मॅडम, अँब्युलन्स कसाले बलाई? लोक म्हनतीन, वना कामले नही पुरत आते.

मोनाली : वनाभाऊ, तुम्ही आत आख्यान सांगत होतात. कुठलं?

वना : म्हातारीनं. मना बापनं आख्यान शे ते. त्यानीच रचं, त्यानीच सांगं. माले झोपमा उठाडा तरी सांगसू.

तानुबाई : मंग सांग. पूर उना, म्हातारी दारले टेकनी, देव बी टेकना. देव काय बोलना?

वना : देव बोलना…

तानुबाई : हां.

वना : देव असा बोलना का…

मोनाली : आठवत नाही?

वना : आठवस. जरा थांबा. आते व्हतं जिभवर.

बन्सीलाल : वनाभाऊ, काल तर तुम्ही हेच सांगितलं होतं. मी रडलो होतो.

वना : मंग तू सांग, काय बोलना.

बन्सीलाल : रडत होतो, नीट ऐकलं नाही.

मोनाली : पाहिलंत? बापाचं आख्यान, झोपेत पाठ, आणि आत्ता आठवत नाही. हे बसून होत नाही, वनाभाऊ. हे त्या वासानं होतं. तुम्ही बेशुद्ध पडला होतात.

वना : मी मुद्दाम थांबेल व्हसू. कीर्तनकार अशा जागावर थांबस, मॅडम. लोकेसना जीव टांगाई ऱ्हास.

तानुबाई : जीव तुना टांगाई गयथा. त्या दोरले. बट्ट्या टाकीसन मानसं पळनात तुनासाठे.

वना : बट्ट्या जळन्यात का?

तानुबाई : थोड्या.

वना : अरे देवा. काल्यान्या बट्ट्या.

बन्सीलाल : वनाभाऊ, चूक माझी आहे. मला मारा पाहिजे तर.

वना : तुले काय आइकू येत व्हतं वर?

बन्सीलाल : कीर्तन.

वना : भोंगानं.

बन्सीलाल : ते आता कळलं. तेव्हा वाटलं तुमचंच.

वना : इतली सालं मनासंगे काम करस तू. मना आवाज अन् भोंगाना आवाज, तुले फरक कळना नही?

बन्सीलाल : कळला होता.

वना : मंग?

बन्सीलाल : मला वाटलं, आज तुमचा गळा लागलाय. मी मनात म्हटलं, एवढं सुंदर वनाभाऊ कधी गात नाहीत. आज देवच पावला. डोळे मिटून ऐकत बसलो.

वना : कोन बुवा व्हता रेकॉर्डवर?

तानुबाई : पारोळाकडला शे कोनी. सुनंदाबाईना व्याही लागस.

वना : चांगला गास?

बन्सीलाल : फार चांगला.

वना : मंग तुना काही दोष नही. चांगलं कीर्तन चालू शे अन् मधी उठीसन टाकीमा कोन डोकाई?

मोनाली : वनाभाऊ, हे तुम्ही गमतीनं म्हणताय की खरंच?

वना : खरंच. मी बी उठतू नही.

मोनाली : बरं, गाडी येईपर्यंत आडवे राहा.

वना : मॅडम, एक गोट आइका. तळले पाइपना तोंडपाशी टोपलंभर जागा ऱ्हायनी लेपनी. बाकी बठ्ठं व्हयनं. ते आज नही व्हयनं ते नवा लेप जुनाले धरी नही. सांधा पडी. परत खरडनं पडी. माले एक घडी उतरू द्या. तोंडले वलं फडकं बांधस.

मोनाली : नाही.

वना : सांधा पडी ना, मॅडम. तठथीनच गळी. मंग पाच-सहा सालमा परत खपल्या, परत गंज.

मोनाली : पडू द्या सांधा. परत खरडू.

वना : लोकं पानीसाठे थांबेल शेतस.

मोनाली : थांबतील. अक्का, थांबाल ना?

तानुबाई : आम्ही काय, जलमथीन थांबेलच शेतस. बट्टीले पानी कमीच लागस. वरण घट्ट करू.

मोनाली : थांबा, साहेबांचा फोन आहे. … हॅलो. हो साहेब. … नाही, उद्या सकाळी नाही. परवा. … काल्यासाठी टँकर पाठवू. … हो, लोक ओरडतील. … काम बंद ठेवलं, साहेब. माणूस आत बेशुद्ध पडला होता. … आता शुद्धीवर आहे. माझ्यासमोरच आहे. … कारण काय लिहू? तांत्रिक नाही, साहेब. ब्लोअर नसताना माणूस उतरवला. … हो, ते मला माहीत होतं. … तुम्हालाही माहीत होतं, साहेब. … हो. येते. उद्या सकाळी येते, तुम्ही म्हणाल तिथे सही करते. ठेवते.

बन्सीलाल : साहेब चिडले?

मोनाली : साहेब म्हणाले, बघू.

बन्सीलाल : म्हणजे चिडले.

तानुबाई : तुनी नोकरी जाई का माय?

मोनाली : नाही जाणार. फार तर बदली होईल. नंदुरबारला टाकतील.

तानुबाई : तठे बी टाक्या शेतस ना?

मोनाली : आहेत. आणखी जुन्या आहेत.

तानुबाई : मंग झालं. चहा लेशी का? पानी थोडं शे, पन चहापुरतं शे.

मोनाली : वनाभाऊंना द्या आधी.

वना : मॅडम, तुम्ही रागमा शे का?

मोनाली : तुमच्यावर नाही. वनाभाऊ, सकाळी तुम्ही मला एकदा विचारलं होतं, यंत्र आलं का म्हणून. मी म्हटलं, आजचा दिवस निभवून न्या. तुम्ही काही न बोलता उतरलात.

वना : निभनाच ना दिन.

मोनाली : निभला तो अक्कांमुळे. देव मध्येच गप्प बसला, असं त्यांना कळलं म्हणून. मला कळलं नव्हतं. मी म्हणत होते, पाणी पीत असतील.

तानुबाई : तुले कसं कळी? तू पाटवर बठनी ते आजच.

मोनाली : आता नीट ऐका, सगळेच. परवा डॉक्टरांनी हो म्हटलं तरच वनाभाऊ उतरतील. नाहीतर मी दुसरा माणूस आणेन.

वना : दुसराले तो सांधा समजी नही.

मोनाली : मग डॉक्टरांचं ऐका. ब्लोअर चालू झाल्यावर तासभर हवा खेळू द्यायची, मगच आत पाय टाकायचा. झाकणाशी बन्सीलाल आणि आणखी एक. आणि एक गोष्ट. ब्लोअरचा आवाज मोठा असतो, गिरणीसारखा. तुम्ही आत काही म्हटलंत तरी वर कुणाला ऐकू जाणार नाही.

तानुबाई : खाले माले?

मोनाली : तुम्हालाही नाही, अक्का. पाइपातून नुसती घरघर येईल.

तानुबाई : मंदाबाई खूश व्हई.

वना : मंग बन्सीलालले कसं कळी, मी ठीक शे का नही?

मोनाली : दोरानं. थोड्या थोड्या वेळानं त्यानं दोर हलवायचा, तुम्ही उलट हलवायचा. तुमच्याकडून हलला नाही की ओढायचं. बास. गायची गरज नाही.

वना : गरज नही?

मोनाली : नाही.

वना : पयलांदा टाकीमा उतरनू तव्हय मिशी फुटेल नव्हती माले, मॅडम. तव्हयपाशीन गास. पन एक बार बी असं नही व्हयनं, का मी गायनू अन् मनमा नही उनं, वर कोनी आइकस का नही, आइकस का नही. देवनं नाव तोंडमा, अन् कान वर. सारा जलम असाच गया.

बन्सीलाल : मी ऐकतच असतो ना, वनाभाऊ.

वना : तू पारोळाना बुवाले आइकस.

मोनाली : गाडी आली बघा कोपऱ्यावर. बन्सीलाल, तुम्ही त्या बाजूनं धरा. हळू. एकदम उभे राहू नका, वनाभाऊ.

तानुबाई : हाई शाल ले. गाडीमा थंडी वाजस म्हने.

वना : मॅडम, पन मनाई ते नही ना?

मोनाली : कशाला?

वना : गानं म्हनाले. यंत्र चालू ऱ्हायनं तरी.

मोनाली : मनाई कशाला असेल? पण त्या आवाजात ऐकणार कोण?

वना : कोनीच नही?

मोनाली : कुणीच नाही.

वना : मंग निवांत गासू.